मन लागत नाही, तरी बसावं का?

प्रश्न : रोज पहाटे पाचला अर्धा तास प्रार्थनेला बसते. गेले काही महिने आतून काहीच जाणवत नाही. ओठांवर रोझरी (जपमाळेची प्रार्थना) आणि डोळे घड्याळावर. हे ढोंग तर नाही ना? काही दिवस थांबू का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : थांबू नका. ढोंग करायला बघणारा कुणी लागतो, पहाटे पाचला तुमच्या घरात कोण जागं असतं? सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश संन्यासिनी, आविलाच्या संत तेरेजा यांनीसुद्धा लिहून ठेवलंय, की तास कधी संपतो याकडेच त्यांचा कान असे. कित्येक वर्षं पुस्तक हाताशी नसेल तर त्या प्रार्थनेला बसायला धजत नसत.

येशूसंघाचे (जेझुइटांचे) संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचा नियम असा : प्रार्थनेत काहीच जाणवत नाही अशा कोरड्या काळात आधीचा निश्चय मोडायचा नाही. उठावंसं वाटलं तर उलट थोडं जास्तच बसायचं. एक-दोन मिनिटंही पुरेत. आज पंचविसाव्या मिनिटाला उठलात, तर उद्या विसाव्याला उठाल.

वेळ तीच ठेवा, मजकूर मात्र कमी करा. रोझरीच्या पाचही रहस्यांची (टप्प्यांची) घाई नको, एकच सावकाश म्हणा; उरलेली लोकलमध्ये होतील. मग बायबलमधलं एखादं स्तोत्र हलक्या आवाजात वाचा. मन भरकटलं की स्वतःवर न चिडता त्याच ओळीवर परत या. तेरावं स्तोत्र ‘कुठवर?’ असं देवालाच विचारतं. अठ्ठ्याऐंशीवं तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं. गोड शब्द सुचत नसतील तेव्हा हीच बरी.

इग्नेशियस कोरडेपणाची तीन कारणं देतात : आपली हयगय, आपली परीक्षा, आणि गोडवा ही आपली कमाई नसून देणगी आहे हे कळावं म्हणून. आपल्या हातात पहिलंच. रात्री बारापर्यंत मोबाईल पाहून पाचला उठलं, तर बसल्या बसल्या डुलकी लागणारच. पापनिवेदन (फादरांजवळ पापांची कबुली) लांबलंय का, तेही पाहा.

पुष्कळ जण इथे नोव्हेनांची (ठरावीक दिवस करायच्या खास प्रार्थनांची) भर घालतात. माहीमच्या चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेनाला खुशाल जा, पण पहाटेच्या अर्ध्या तासाच्या बदल्यात नको. नाहीतर शोध देवाचा राहत नाही, जुन्या गोडव्याचा सुरू होतो.

देवापासून दुरावतोय याची तुम्हाला रुखरुख आहे, हे लक्षण चांगलं. पण झोप, भूक, काम, माणसं या सगळ्यातूनच मन उडालं असेल आणि दोन आठवडे तसंच चाललं असेल, तर फादरांशी बोलाच, शिवाय डॉक्टरांनाही दाखवा.