ट्रेलर पातळीत आणायला एअर बॅग बसवताना

भावा, एअर बॅग म्हणजे मुक्कामाला ट्रेलर सपाट उभा राहावा म्हणून हवा भरून बाजू उचलणारी रबरी पिशवी. ती घेण्याआधी ट्रेलरखाली वाकून बघ. पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असतील तर बॅग अ‍ॅक्सल (चाकांचा आडवा दांडा) आणि चॅसीच्या मधे बसते. नेहमीचं सामान भरून ती जागा मोज. कंपनीनं दिलेल्या किमान-कमाल उंचीतच ती यायला हवी.

ब्रॅकेट कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून घे, पण अ‍ॅक्सलच्या नळीवर वेल्डिंग नको, तिथं तडा जातो. यू-बोल्टनं आवळ.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दोन्ही बॅगा टी (तीन तोंडांचा जोड) लावून एकाच नळीवर जोडणं. गगनबावड्याच्या घाटात वळणावर दाबलेल्या बाजूची हवा पलीकडं जाते आणि ट्रेलर जास्तच कलतो. शिवाय मुक्कामावर एकच बाजू उचलता येत नाही, म्हणजे मूळ कामच फसलं. दोन्हीकडं वेगळी नळी, वेगळा व्हॉल्व्ह ठेव. नळी धारदार ब्लेडनं काटकोनात काप. तिरकी कापली की फिटिंगमधून हवा गळते. साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघ.

बॅग पूर्ण रिकामी ठेवून चालवू नकोस, रबर चिमटून फाटतं. मुक्कामाला आधी चाकांना ठोकळे, मग डावी-उजवी पातळी, शेवटी पुढच्या जॅकनं पुढं-मागं. बॅगेनं अ‍ॅक्सलची वजन पेलायची ताकद वाढत नाही. आणि नुसत्या हवेच्या भरवशावर खाली शिरू नकोस, स्टँड लावच.