समुद्राच्या मिठात आयोडीन असतेच ना?

प्रश्न : आम्ही किनारपट्टीवर राहतो आणि जवळच्या मिठागरातले खडे मीठच स्वयंपाकात वापरतो. आयोडीन मुळात समुद्रातच असते, तर मग पाकिटातल्या आयोडीनयुक्त मिठाचा आग्रह कशासाठी? जखमेवर लावायचे टिंक्चर आयोडीन आणि हे आयोडीन एकच का?

उत्तर : समुद्रात आयोडीन असते हे खरे. हे मूलद्रव्य सापडलेही समुद्री शैवालातूनच. पॅरिसमध्ये सोरा तयार करणाऱ्या बर्नार कूर्त्वा यांनी 1811 मध्ये शैवालाच्या राखेच्या अर्कात गंधकाम्ल जरा जास्तच ओतले, तेव्हा जांभळी वाफ उठली आणि थंड होताच तिचे काळसर, चकचकीत स्फटिक झाले. परंतु शैवाल पाण्यातले आयोडीन स्वतःत साठवून ठेवते, मीठ तसे करत नाही. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार आणि आयोडीन जेमतेम 0.06 मिलिग्रॅम असते. त्यातले सगळे आयोडीन मिठात उतरले असे धरले, तरी किलोमागे दोन मिलिग्रॅमही भरत नाही. प्रत्यक्षात तर त्यातले बरेचसे मीठ काढून घेतल्यावर उरलेल्या पाण्यातच राहते. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या आयोडीनयुक्त मिठात मात्र किलोमागे किमान 15 मिलिग्रॅम आयोडीन असावे लागते. सैंधवाला आरोग्यदायी म्हणून कितीही नावाजले, तरी आयोडीनच्या बाबतीत त्याचाही उपयोग नाही.

प्रौढ व्यक्तीला दिवसाला सुमारे 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते, गरोदर स्त्रीला मात्र जवळजवळ 250 लागते. गळ्यातील थायरॉईड ग्रंथी त्यापासून जी संप्रेरके बनवते, त्यांच्यावर शरीराच्या चयापचयाची गती आणि गर्भातल्या बाळाच्या मेंदूची वाढ अवलंबून असते. आयोडीन कमी पडले की ग्रंथी फुगते आणि गलगंड दिसू लागतो. गलगंड निदान डोळ्यांना दिसतो. बाळाच्या बुद्धीची खुंटलेली वाढ लवकर लक्षात येत नाही आणि पुढे भरूनही निघत नाही, म्हणून मला तीच अधिक चिंतेची वाटते. सध्याच्या हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 पासून काही गावांना आयोडीनयुक्त, तर काहींना साधे मीठ पुरवले आणि आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या गावांत गलगंड स्पष्टपणे घटल्याचे दाखवून दिले. गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1962 मध्ये सुरू झाला. आयोडीनची कमतरता डोंगराळ भागापुरती मर्यादित नाही. नियमित मासे खाणाऱ्यांना काही आयोडीन त्यातून मिळते, पण घरातल्या प्रत्येकाच्या ताटात मासे रोज असतातच असे नाही.

टिंक्चरमधले मूलद्रव्य हेच, पण तिथे ते मद्यार्कात विरघळवलेले मुक्त आयोडीन असते आणि पोटात गेल्यास अपाय करते. मिठात पोटॅशियम आयोडेट हे संयुग अत्यल्प प्रमाणात मिसळतात, कारण आपल्या दमट हवेत ते अधिक टिकते. तरीही मीठ झाकण घट्ट लावून, चुलीपासून दूर ठेवावे. थायरॉईडचे औषध चालू असेल, तर मिठात परस्पर बदल न करता आपल्या डॉक्टरांना विचारावे.