वाचकांचे प्रश्न : नावावर एकही इमारत नसताना रेसिडेन्सीसाठी अर्ज करावा का?

प्रश्न : मी छत्तीस वर्षांचा वास्तुरचनाकार असून इंदूरमधील एका खासगी कार्यालयात अकरा वर्षे नोकरी करतो. माझ्या स्वतःच्या नावावर एकही इमारत नाही. मात्र गेली चार वर्षे दर रविवारी सकाळी मी जुन्या इंदुरातील मराठी वाड्यांची मोजमापे घेऊन त्यांची आरेखने करीत आलो आहे. त्यांपैकी दोन वाडे या काळात पाडलेही गेले. परदेशातील एखाद्या रेसिडेन्सीसाठी अर्ज करावा, असे मनात आहे. पण वडील विचारतात, ‘तिथे जाऊन तू बांधणार काय?’ त्यांना आणि निवड समितीला काय उत्तर द्यावे? सोबत एका आरेखनाची प्रत आणि अर्जाचा मसुदा पाठवीत आहे.
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : वडिलांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे सरळ उत्तर असे की, तिथे काहीही बांधायचे नसते. रेसिडेन्सी म्हणजे निवड झालेल्या कलावंताला काही आठवडे किंवा काही महिने मिळणारी राहण्याची जागा, कामाची खोली आणि रोजच्या धबडग्यातून सुटका. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात १९०७ साली सुरू झालेल्या मॅकडॉवेल या संस्थेत लेखक, संगीतकार आणि चित्रकार यांच्याबरोबरीने वास्तुरचनाकारांनाही प्रवेश आहे. तेथे दुपारचे जेवण टोपलीत घालून स्टुडिओच्या दाराशी ठेवतात, ते एवढ्याचसाठी की काम करणाऱ्याची तंद्री मोडू नये. जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या अठराव्या शतकातील एका प्रासादात १९९० पासून चालणारी आकाडेमी श्लोस सोलिट्यूड ही संस्थादेखील वास्तुकलेला कलाशाखांच्या पंक्तीत बसवते. अशा ठिकाणी तुम्ही किती चौरस फूट बांधलेत, यापेक्षा तुम्ही कशाचा विचार करीत आहात आणि तो कागदावर कसा उतरतो, याला अधिक मोल असते.

तेव्हा नावावर इमारत नसणे हा अडथळा मानू नये. वयाचाही बाऊ करू नये, मात्र प्रत्येक संस्थेची वयोमर्यादा आधी तपासून घ्यावी. श्रीलंकेचे जेफ्री बावा आधी वकील होते आणि वास्तुरचनाकार म्हणून पात्र झाले ते १९५७ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी.

आता तुमच्या आरेखनाविषयी. चौकाचा छेद, म्हणजे उभा काप दाखविणारे चित्र, तुम्ही फार मनापासून काढला आहे. कडीपाटाची जाडी, तुळईचा खांबावरचा टेकू, ओसरीचे जोते चौकाच्या फरशीपासून किती उंच, हे सारे त्यात आहे. परंतु मी थांबलो ते डाव्या कोपऱ्यातील पेन्सिलीच्या टिपणापाशी : ‘या खांबाशी जाते होते, फरशी इथे गोल झिजली आहे.’ मसुद्यात तुम्ही लिहिले आहे की, अर्जासोबतच्या स्वच्छ प्रतीतून अशी टिपणे काढून टाकणार आहात. कृपा करून तसे करू नका. मोजपट्टी कोणालाही धरता येते. झिजलेली फरशी पाहून तिथे बसणाऱ्या बाईपर्यंत पोहोचणारी नजर तुमची स्वतःची आहे आणि समितीला तीच दिसायला हवी. मी माझ्या पहिल्या अर्जाला कार्यालयात केलेल्या तीसेक इमारतींची गुळगुळीत छायाचित्रे जोडली होती. तो अर्ज नाकारला गेला आणि आज मागे वळून पाहताना तो निर्णय मला योग्य वाटतो, कारण त्या सगळ्या छायाचित्रांत माझा असा एकही प्रश्न नव्हता.

तुम्ही मात्र दोनच वाडे निवडा, फार तर तीन. पाडल्या गेलेल्या वाड्याची आरेखने अवश्य घ्या आणि प्रत्येक पानावर मोजणीची तारीख लिहा. कार्यालयातील एखादे काम जोडायचे असेल, तर मालकांची लेखी परवानगी घेऊन त्यातील तुमचा वाटा नेमका किती, हे एका ओळीत सांगा. वाड्यात आजही कुटुंब राहत असेल, तर त्यांनाही विचारा. माजघराचा नकाशा ही त्यांची खासगी गोष्ट आहे.

मसुद्यातील पहिले वाक्य मला बदलावेसे वाटते. ‘भारतीय वास्तुवारशाचे जतन आणि पुनरुज्जीवन या विषयावर मला काम करायचे आहे,’ हे वाक्य कोणीही, कोठूनही लिहू शकेल. त्याऐवजी तुमच्याच टिपणांतून निघणारा प्रश्न मांडा : वाड्याचा चौक जाऊन तिथे जिना आणि मोटारींची जागा आली, तेव्हा चौकात होणारी कामे, म्हणजे वाळवणे, मुलांचे खेळ, तुळशीपुढचा दिवा, घरात कुठे सरकली आणि त्यांतली कोणती कायमची बंद पडली? असा प्रश्न वाचताच वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे घर उभे राहते. त्यापुढे तिथल्या मुक्कामात काय करणार, ते मोजके लिहा. उदाहरणार्थ, चार वर्षांच्या आरेखनांतून एकाच घराच्या तीन पिढ्या दाखविणारी पंधरा पाने तयार करणे.

‘हे काम इंदुरात बसून का होत नाही?’ असे समिती विचारील. रविवारच्या तीन तासांत मोजणी होते, जुळणी होत नाही, हे खरे कारण निःसंकोचपणे सांगावे. दुसरे कारण आपल्याच शहराच्या इतिहासात आहे. पॅट्रिक गेडीस हे मूळचे जीवशास्त्रज्ञ. स्कॉटलंडहून आलेल्या या माणसाने होळकर दरबारासाठी इंदूरच्या नगररचनेचा दोन खंडांचा अहवाल लिहिला, तो १९१८ साली प्रसिद्ध झाला. जुन्या वस्त्या सरसकट न पाडता, गरजेपुरतीच मोकळीक करून बाकीची घरे राखावीत, असा त्यांचा आग्रह होता. सवयीमुळे स्थानिकांच्या नजरेतून सुटलेले पुष्कळ काही बाहेरून आलेल्या त्या माणसाला दिसले. दूर जाऊन आपल्याच आरेखनांकडे तसे पाहता येईल, हे तुम्ही प्रामाणिकपणे लिहू शकता.

शिफारसपत्रासाठी मोठे नाव शोधू नका. तुम्हाला शिडीवर चढून तुळई मोजताना ज्यांनी पाहिले आहे, अशा शिक्षकांचे किंवा ज्येष्ठ सहकाऱ्यांचे पत्र अधिक बोलके असते. त्यांना निदान महिनाभर आधी सांगावे आणि सोबत तुमचा मसुदा द्यावा.

प्रश्न : मी वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. ‘अरण्य वसाहतीचा अभ्यास’ या विषयावर आताच अर्ज करता येईल का?
— एक विद्यार्थिनी, सुदामानगर, इंदूर

उत्तर : पदवी हाती येईपर्यंत थांबावे. मॅकडॉवेलसह अनेक संस्था शिक्षण चालू असलेल्यांचे अर्ज स्वीकारीत नाहीत. दरम्यान विषय मात्र लहान करावा. वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशी यांनी इंदुरात कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी रचलेल्या या वसाहतीला १९९५ साली वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला आणि तिच्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. तेथे जोते, शौचालय आणि एखादी खोली एवढेच हाती देऊन पुढचे घर कुटुंबाने ऐपतीप्रमाणे वाढवावे, अशी मूळ योजना होती. मग एकच गल्ली घ्या आणि त्या गल्लीतील ओटे व बाहेरचे जिने आज कोणत्या रूपात उरले आहेत, तेवढेच काढा. या घडीला एवढे पुरेसे आहे.

प्रश्न : अशा मुक्कामाचा खर्च कोण करते?
— एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : संस्थेगणिक वेगळे. काही ठिकाणी निवास व जेवण विनामूल्य असून गरजेनुसार आर्थिक साहाय्यही मिळते. काही ठिकाणी फक्त खोली मिळते. तर काही संस्था उलट तुमच्याकडूनच भाडे घेतात, आणि त्यांच्या पत्रातही ‘निवड झाली’ असेच शब्द असतात. म्हणून विमानभाडे, विमा, जेवण आणि साहित्य यांतील काय कोणाकडे, हे लेखी विचारून घ्यावे. ब्रिटनमध्ये काम करायचे असल्यास चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट भारतीयांना कला आणि वारसा-संवर्धनासाठी अनुदान देतो, त्याचा विचार करावा. युरोपातील शेंगेन देशांत, म्हणजे एकच सामाईक व्हिसा चालणाऱ्या देशांत, अल्पमुदतीच्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. मुक्काम त्याहून मोठा असेल, तर त्या देशाचा दीर्घमुदतीचा व्हिसा लागतो आणि त्याला वेळ लागतो. घरच्या जमाखर्चात इथले घरभाडे आणि कर्जाचे हप्ते धरायला विसरू नये. नोकरीचा राजीनामा देण्याऐवजी आधी बिनपगारी रजा मागावी, आणि तीही निमंत्रणपत्र हातात आल्यावरच.