श्वसनमार्गातली हवा सरसकट ३७ अंश आणि १०० टक्के आर्द्रतेची धरली तर चालेल का?

तुमचा प्रश्न असा, की पुण्याच्या हवेतले कण श्वसनमार्गात कुठे बसतात हे फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये काढायचंय, आणि गाइड म्हणतात की नाकातून आत गेलेली हवा थेट ३७ अंश, १०० टक्के आर्द्रतेची धरा. मग उष्णतेची आणि बाष्पाची समीकरणं सोडवायची कशाला?

मी पुण्यातच इनहेलरच्या औषधांसाठी हेच सिम्युलेशन करतो. नुसती ताजी काजळी बघायची असेल तर गाइडचं ऐका, ती पाणी जवळपास धरतच नाही. पण कणात मीठ, सल्फेट किंवा नायट्रेट असेल तर हे गृहीतक उत्तर बिघडवतं.

आधी ते १०० टक्के बघू. श्वसनमार्गाच्या अस्तरावरचं पाणी शुद्ध नसतं, साधारण सलाइनइतकं खारट असतं. म्हणून त्यावरची हवा ९९.५ टक्क्यांपाशी थांबते. अर्धा टक्का किरकोळ वाटेल. पण पावसाळ्यात डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं तसाच हवेतला मिठाचा कण ७५ टक्क्यांच्या आसपास विरघळतो आणि मग फुगत जातो. ९९ टक्क्यांना व्यास साडेचार-पाचपट, ९९.५ ला सहापटीच्या घरात. तुम्ही १०० टाकलेत तर तो अवाच्या सवा मोठा झाल्याशिवाय थांबणारच नाही.

आणि आकार बदलला की बसायची जागा बदलते. ०.३ ते ०.५ मायक्रॉनचे कण सगळ्यात कमी बसतात, बरेचसे उच्छ्वासाबरोबर बाहेर येतात. असा कण फुगून दोन मायक्रॉनचा झाला की स्वतःच्या वजनानं खोलवर बसायला लागतो. उलट ०.०५ मायक्रॉनचा कण फुगून ०.३ चा झाला तर त्याचं विसरण (हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी इकडेतिकडे भरकटणं) मंदावतं, आणि तो आधीपेक्षा कमी बसतो! ओलावा धरला की आकडा वाढणारच असं अजिबात नाही. या विषयातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच.

आता ३७ अंश. मॅकफॅडन आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये माणसांच्या श्वसनमार्गात बारीक तापमापक सोडून मोजमाप केलं. खोलीतल्या हवेत शांतपणे श्वास घेतानासुद्धा श्वासनलिकेच्या वरच्या भागात ३२ अंशच भरले, आणि बऱ्याच खालच्या शाखांमध्ये ३५.५. जोरात श्वास घेतला की आकडे आणखी उतरतात.

हे का होतं ते पुण्याच्याच हवेवर करून बघा. जानेवारीतली पहाट, १० अंश आणि ८० टक्के आर्द्रता: लिटरमागे साधारण ७.५ मिलिग्रॅम बाष्प. एप्रिलची दुपार, ३९ अंश आणि १५ टक्के: साधारण ७.३. म्हणजे जवळपास तेवढंच! फुप्फुसातल्या हवेत ४४ मिलिग्रॅम असतं, तेव्हा दोन्ही वेळा लिटरमागे ३६-३७ मिलिग्रॅमची भर अस्तरालाच घालावी लागते. मिनिटाला साडेसात लिटर श्वास धरला तर एवढ्या बाष्पीभवनाला सुमारे ११ वॅट लागतात. जानेवारीतली हवा नुसती तापवायला लागतात जेमतेम ४, आणि एप्रिलमध्ये तर ती उलट थंड करावी लागते. श्वसनमार्गाची भिंत थंड होते ती मुख्यतः पाणी उडाल्यामुळे. म्हणून भिंतीचं तापमान ठरावीक न ठेवता तिथला उष्णतेचा हिशोब सोडवा. बाष्पाचं समीकरण गाळून नुसतं तापमान सोडवणं मला तरी निरर्थक वाटतं. उच्छ्वासात यातली काही उष्णता आणि पाणी नाकाला परत मिळतं, तेही धरा.

जानेवारीच्या हवेचा हिशोब चालवताना नाकात कुठेकुठे आर्द्रता १०० टक्क्यांच्या वर गेलेली दिसली तर लगेच सॉल्व्हरला (समीकरणं सोडवणाऱ्या प्रोग्रॅमला) दोष देऊ नका. हवेत बाष्प उष्णतेपेक्षा किंचित वेगानं पसरतं, त्यामुळे गार हवा ऊबदार ओल्या भिंतीजवळून जाताना असं खरोखर होऊ शकतं.

कणाच्या वाढीचं समीकरण ढगांच्या थेंबांचंच आहे, कोलरनं १९३६ मध्ये मांडलेल्या सिद्धांतावर उभं. पुण्यातच पाषाणला आयआयटीएम या हवामानशास्त्राच्या संस्थेत ढग आणि हवेतले कण यांवर काम करणारी मंडळी आहेत, त्यांना जरूर भेटा. फक्त समतोलातला आकार (त्या आर्द्रतेला कण शेवटी जिथं फुगायचा थांबेल तो) थेट वापरू नका. बारीक कण क्षणात तिथं पोचतो, काही मायक्रॉनचा कण एका श्वासात पोचतच नाही.

कॉलेजच्या मशीनवर सगळ्या शाखांचा मेश (हिशोबासाठी बारीक चौकटींत पाडलेलं जाळं) झेपणार नाही. नाकापासून पहिल्या काही शाखांपर्यंत थ्रीडी करा, पुढे वायबेलच्या १९६३ च्या २३ पिढ्यांच्या (म्हणजे श्वसनमार्ग एकामागून एक २३ वेळा दुभंगतो असं धरणाऱ्या) फुप्फुसाच्या मॉडेलवर एकमितीय हिशोब पुरतो. कण सोडण्याआधी नुसती हवा चालवून बघा: नाकानं शांत श्वास घेताना ती श्वासनलिका दुभंगते तिथून साधारण ५ सेंटिमीटर खाली ३७ अंशांच्या जवळपास आणि पूर्ण ओलावा (म्हणजे वरचे ९९.५ टक्के) गाठते का. तिथं जुळलं की मगच कण घाला.