सूर-संवाद : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुंबईत नरिमन पॉइंटला पहिल्यांदाच सिम्फनी (ऑर्केस्ट्रासाठीची, बहुधा चार भागांची मोठी रचना) ऐकली, बीथोवनची पाचवी. आमच्या घरात गाणं आहे, त्यामुळे सम कुठे ते मला कळतं. इथे मात्र वादकांसमोर उभ्या असलेल्या कंडक्टरचा हात आधी खाली येत होता आणि आवाज नंतर. हा भास का? शिवाय सगळे वादक समोरच्या कागदाकडे बघतात, मग तो हातवारे करतो कोणासाठी?
– एक श्रोती, मिरज

उत्तर : ताई, भास नाही. मी आयुष्यभर ऑर्केस्ट्राच्या अगदी मागच्या रांगेत टिंपनी, म्हणजे मोठे नगारे, वाजवली. सुरुवातीला मलाही हा उशीर छळायचा. कंडक्टरचा हात नेहमी पुढचं सांगत असतो. आत्ता ऐकू येतंय ते त्याच्या लेखी होऊन गेलेलं. त्यातून व्हायोलिनचा मोठा ताफा सूर धरतो तो किंचित सावकाश, त्यामुळे पुष्कळ ऑर्केस्ट्रा हाताच्या थोडं मागूनच वाजतात.

तुम्ही ऐकलेल्या पाचव्या सिम्फनीचंच घ्या. ते प्रसिद्ध चार सूर सुरू होतात शांततेने. पहिल्या मात्रेवर छोटा विराम लिहिलाय, हात खाली येतो तो त्या रिकाम्या जागेवर, आणि तीन आखूड सूर त्यानंतर. म्हणजे हात खाली येण्याआधी तो वर जातो, त्या उचलण्यातच लय सांगून झालेली असते. ती उचल डळमळली की तंतुवाद्यं आणि क्लॅरिनेट एकत्र पडत नाहीत. मग चौथा सूर लांबवायचा, त्याची लांबी कागदावर मोजून दिलेली नाही. ती ठरवतो आणि तोडतो कंडक्टरच. वादक कागद वाचतात हे खरं, पण डोळ्याच्या कोपऱ्यात त्याच्या हातातली काठी असतेच, आणि अशा जागी मान वर होते.

घरात गाणं आहे म्हणता, तर हे पटेल. आपल्याकडे गवई आणि तबलजी हाताच्या अंतरावर बसतात, ठेका सतत कानावर असतो. इथे मी पहिल्या व्हायोलिनपासून चौदा-पंधरा मीटर लांब. ध्वनी सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे त्यांचा सूर माझ्यापर्यंत यायला सेकंदाचा पंचविसावा हिस्सा लागतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण मी त्यांना ऐकून ठोका मारला तर माझा आवाज परत पुढे जायला तेवढाच वेळ, आणि श्रोत्याला टिंपनी मागे पडलेली ऐकू येते. म्हणून मागच्या रांगेत कानापेक्षा डोळ्यावर विश्वास ठेवायचा. हे अंगात मुरायला वर्षं जातात, कारण संगीतात कान बाजूला ठेवा म्हटलं की कोणालाही पटत नाही.

उजवा हात लय देतो, डावा आवाज वाढवतो-दाबतो आणि ज्याची पाळी आली त्याला खूण करतो. चेक संगीतकार ज्वोर्झाकच्या ‘न्यू वर्ल्ड’मध्ये, म्हणजे 1893च्या सिम्फनीत, झांजेचा एकच ठोका आहे, तोही चौथ्या भागात आणि हळू. पाऊण तास बसून तो एक ठोका चुकीच्या जागी पडला तर! झांजवाला आवर्तनं मोजतोच, पण कंडक्टरने दोन मात्रा आधी नुसतं त्याच्याकडे पाहिलं तरी त्याचा जीव भांड्यात पडतो.

बरंचसं काम तालमीत उरकलेलं असतं. मैफलीत नवं काय येतं? माणसं! रिकाम्या सभागृहात आवाज घुमतो, खुर्च्या भरल्या की माणसांची अंगं तो शोषून घेतात. तालमीत शोभलेला विराम मग लांबट वाटू लागतो. कॉन्चेर्तो (एक वादक पुढे, ऑर्केस्ट्रा साथीला) असेल तर एकल वादक त्या रात्री एखादी जागा वेगळीच घेतो, आणि सत्तर-ऐंशी जणांना त्याच्या मागोमाग न्यायचं असतं. चांगला कंडक्टर इथे कळतो, उड्या मारणारा नव्हे. (उड्या बहुधा श्रोत्यांसाठी असतात. मागून आम्हाला दिसायचं.)

कंडक्टरविना चालतच नाही असंही नाही. मॉस्कोत 1922 साली ‘पेर्सिम्फान्स’ या ऑर्केस्ट्राने मोठ्या सिम्फनी तशा वाजवल्या, न्यूयॉर्कचा ‘ऑर्फियस’ ऑर्केस्ट्रा 1972पासून वाजवतो आहे. तालमी मात्र वाढतात, कारण प्रत्येक विरामावर सगळ्यांचं एकमत व्हावं लागतं.

प्रश्न : नातीला कंडक्टर व्हायचंय. घरी आरशासमोर काठी फिरवते. काय शिकवावं?
– एक आजोबा, पणजी

उत्तर : काठी सध्या कपाटात ठेवा, आजोबा. पियानो शिकू द्या आणि चर्चच्या किंवा शाळेच्या कॉयरमध्ये, म्हणजे समूहगानात, गाऊ द्या. श्वास घेऊन एकत्र सुरू होणं तिथेच कळतं. मग स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचे सूर एकत्र लिहिलेला कागद, वाचणं : पानावर वीसेक ओळी एकाखाली एक, आणि काही वाद्यांत लिहिलेला सूर एक आणि ऐकू येणारा दुसरा. बी-फ्लॅट क्लॅरिनेटला सी लिहिला तर ऐकू येतो त्याहून एक पूर्ण सूर खालचा बी-फ्लॅट (सी, बी-फ्लॅट ही पाश्चात्त्य सुरांची नावं). तिला एखाद्या सिम्फनीचा छापील स्कोअर आणून द्या आणि रेकॉर्डिंग लावून फक्त व्हिओलाची (व्हायोलिनहून जरा मोठं, खालच्या सुराचं वाद्य) ओळ बोटाने शोधायला सांगा.