एक पुठ्ठा, दोन फोटो

प्रश्न : सासऱ्यांच्या ट्रंकेत एक पिवळा पडलेला पुठ्ठा सापडला. त्यावर मागावर बसलेल्या बाईचे दोन फोटो शेजारी शेजारी आहेत. खाली इंग्रजीत छापलंय, अर्थ असा : ‘अननसाचे कापड विणताना, फिलिपीन बेटे’. आमचं घर विणकरांचं, पण असलं कापड कधी ऐकलं नाही. आणि एकच फोटो दोनदा कशाला छापला?
— एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : ताई, फोटो एकच नाही. पट्टी घेऊन मोजा. डाव्या फोटोत मागाचा पुढचा खांब मागच्या भिंतीपेक्षा जरासा उजवीकडे सरकलेला दिसेल. दोन डोळ्यांएवढ्या अंतरावर दोन भिंगं बसवलेल्या कॅमेऱ्यानं ते काढलेत. एकेक फोटो एकेका डोळ्याला दाखवला की मेंदू दोन्ही जुळवतो आणि माग पुढे, भिंत मागे असं खोल दिसतं. सोलापुरातल्या गड्ड्याच्या जत्रेत मी लहानपणी व्ह्यू-मास्टर, म्हणजे डोळ्यांना लावून चित्रं बघायचं खेळणं, घेतला होता, त्यातली युक्ती हीच. पुठ्ठा पाहायचं स्वस्त, हाती धरायचं यंत्र होम्स या अमेरिकन डॉक्टरांनी १८६१ च्या सुमारास केलं.

अमेरिकेनं १८९८ च्या तहात स्पेनला दोन कोटी डॉलर देऊन ही बेटं घेतली. नवा मुलूख घरबसल्या बघायची हौस होतीच. अंडरवूड अँड अंडरवूड, कीस्टोन व्ह्यू अशा कंपन्यांनी असे पुठ्ठे पेट्या भरभरून विकले. त्यांवर कंपनीचं नाव ठळक असतं, विणणारीचं बहुधा नसतंच. मला हे खटकतं.

कापड मात्र खरं आहे. त्याला पिन्या म्हणतात. अननसाचं पान फुटक्या चिनी बशीच्या कडेनं खरवडतात, आत तंतू निघतात. ते पानाच्याच लांबीचे, म्हणून टोकाला टोक गाठ मारत लांब धागा करायचा. आपल्याकडे धागा तुटला की गाठ. तिथे गाठीगाठीनंच धागा बनतो! पनाय बेटावरच्या आक्लानमध्ये हे काम आजही चालतं, २०२३ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत त्याची नोंद झाली.

यंत्र नसलं तरी बघता येईल. पुठ्ठ्याचा मोबाईलवर फोटो काढा. दोन्ही चित्रांच्या मध्यांत सहा सेंटिमीटर अंतर राहील इतका लहान करा. मध्ये एक पोस्टकार्ड उभं धरून नाकाला टेकवा आणि लांबवर पाहिल्यासारखी नजर सैल सोडा. डोळे दुखले तर थांबा. जमलं, तर बाईचा हात आडवा धागा नेणाऱ्या धोट्यावर आहे की तो ठोकून बसवणाऱ्या फणीवर, तेवढं कळवा.