कॉन्स्टंटाइनच्या आधी ख्रिस्ती मंडळी (चर्च) वाढली कशी?

प्रश्न दोन भागांत आहे: अडीचशे वर्षं छळ होऊनही ख्रिस्ती धर्म एवढा कसा पसरला, आणि त्याला राजाश्रय देणारा रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन नसता तर तो विरून गेला असता का? यात सलग अडीचशे वर्षांचा छळ गृहीत धरलाय, घोळ तिथेच होतो. पण आधी हिशेब करू.

इ.स. 40 मध्ये 1,000 अनुयायी धरा आणि दर दहा वर्षांना 40 टक्के वाढ लावा, म्हणजे वर्षाला 3.4 टक्के. इ.स. 100 मध्ये साडेसात हजार होतात, 200 मध्ये 2 लाख 18 हजार, 250 मध्ये पावणेबारा लाख आणि 300 मध्ये 63 लाख. रोमन साम्राज्याची लोकसंख्या 6 कोटी मानली तर दहातला एक माणूस. चमत्कार नाही की तलवार नाही, निव्वळ चक्रवाढ. मात्र ही जनगणना नव्हे. याच गणितात 40 ऐवजी 30 टक्के घाला, 300 साली जेमतेम 9 लाख उरतात. म्हणून अशा आकड्यांवरून वाढीची चाल समजून घ्यावी, नेमकी संख्या सांगू नये.

ही वाढ झाली घरांमधून. सीरियात युफ्रेटिसकाठी दुरा-युरोपोस नावाचं गाव होतं. तिथे तटबंदीला लागून असलेल्या एका साध्या घरात मधली भिंत पाडून दोन खोल्यांचा एक दिवाणखाना केला होता, सुमारे 13 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद. दाटीवाटीने बसली तर साठ-सत्तर माणसं मावतील. शेजारच्या खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड आणि भिंतीवर उत्तम मेंढपाळाचं चित्र. 256 च्या वेढ्यात तट भक्कम करायला रोमन सैन्याने आतल्या बाजूने मातीचा भराव घातला, घर त्यात गाडलं गेलं आणि म्हणूनच टिकलं. त्याच तटाकडेला यहुद्यांचं सभास्थानही सापडलं, आणि ते या घरापेक्षा कितीतरी मोठं नि सजवलेलं होतं.

आता छळाकडे. 249 पर्यंत तो स्थानिक आणि अधूनमधून होणारा होता. इ.स. 112 च्या सुमारास बिथुनिया (आजच्या तुर्कस्तानातला प्रांत) इथला रोमन सुभेदार प्लिनी सम्राट त्राजानला कळवतो की हा पंथ शहरांत, खेड्यांत, शेतवस्त्यांवरही पोहोचलाय. त्राजानचं उत्तर: शोधून काढू नका, निनावी तक्रारी घेऊ नका; आरोप सिद्ध झाला तर शिक्षा करा, आणि देवांना पुजून आपण ख्रिस्ती असल्याचं नाकारलं तर सोडून द्या.

249 मध्ये सम्राट झालेल्या देसियसने हा शिरस्ता मोडला. त्याच्या हुकुमाने प्रत्येकाला देवांना बळी अर्पून दाखला घ्यावा लागला. इजिप्तमध्ये असे चाळीसहून अधिक पपायरस सापडलेत. एक 26 जून 250 चा आहे: अलेक्झांद्रू नेसोस गावचा ऑरेलियस डायोजिनीस, सताबूसचा मुलगा, वय 72, उजव्या भुवईवर व्रण. मी नेहमीच देवांना बळी देत आलो, आत्ताही तुमच्या समोर दिला, अर्घ्य ओतलं, प्रसाद चाखला, तरी खाली सही करावी, असा मजकूर. हा माणूस ख्रिस्ती होता असं यावरून अजिबात ठरत नाही. पेतेसूखोस या मगरदेवाच्या पुजारणीलाही दाखला काढावाच लागला होता. हे दाखले ‘धर्म सोडलेल्या ख्रिस्ती लोकांची यादी’ म्हणून सर्रास फिरवले जातात. ते चूक आहे.

दबावाखाली धर्मापासून ढळलेले ख्रिस्ती मात्र पुष्कळ होते. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये कित्येकांनी बळी दिला, कित्येकांनी पैसे चारून नुसता दाखला मिळवला. यांना परत घ्यायचं का, यावर मंडळी फुटायची वेळ आली. 251 मध्ये बिशप सिप्रियानने भरवलेल्या सभेत ठरलं की नुसता दाखला घेतलेल्यांना एकेकाची चौकशी करून परत घ्यावं, बळी दिलेल्यांना दीर्घ प्रायश्चित्तानंतर मृत्युशय्येवर. माझ्या मते हा निर्णय कुठल्याही हुतात्म्याइतकाच मोलाचा आहे. रोममध्ये नोवातियन या धर्मगुरूने कडक भूमिका घेतली आणि त्याचा गट वेगळाच राहिला.

याच काळात रोमचा बिशप कोर्नेलियस आपल्या मंडळीचा जमाखर्च सांगतो: 46 वडील (म्हणजे धर्मगुरू), 7 डीकन (सेवक), 7 उपडीकन, 42 सहायक, भुतं काढणारे, वाचक आणि द्वारपाल मिळून 52, आणि मंडळीच्या खर्चाने जगणाऱ्या 1,500 हून अधिक विधवा व गरजू. पंधराशे पोटं रोज भरायची म्हणजे वर्गणी, साठवण, वाटप, याद्या असं सगळं आलं. त्या सुमारास पसरलेल्या साथीत आजाऱ्याला पाणी आणि पेज देणारं कुणी असणं म्हणजे काय, हे याच व्यवस्थेतून समजतं.

कॉन्स्टंटाइनने वेग वाढवला, पाया घातला नाही. 313 मध्ये त्याने आणि सहसम्राट लिसिनियसने जप्त केलेल्या जागा परत करायला सांगितलं, तेव्हा हुकुमात स्पष्ट लिहिलंय की या मिळकती एकेकट्या माणसांच्या नसून मंडळ्यांच्या सामाईक मालकीच्या आहेत.